खेकड्याचा रस्सा आणि वनिताबाईची हाडं

शोभाताई बिसेन. या लेखात जे काही बरं वाटेल, त्यातलं पुष्कळसं त्यांचं आहे, म्हणून त्यांचं नाव आधी लिहितो. आमच्या गोंदियाच्या दवाखान्यात त्या आहारतज्ज्ञ होत्या. मी डायलिसिस टेक्निशियन म्हणून नवा लागलो होतो. तिरोड्याच्या पलीकडच्या खेड्यातून आलेलो, घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मशीन चालवायला मी शिकलो होतो, पण चार माणसांत बसून जेवायला शिकलो नव्हतो. सगळे हिंदी-इंग्रजीत भराभर बोलायचे, म्हणून मी माझा डबा जिन्यात बसून खायचो.

एकदा शोभाताईंनी मला तिथे पाहिलं. डबा माझ्या हातातून घेतला, त्यांच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "इथं बस. काय आणलंस?"

"भात आणि लाखोरीचं वरण."

"भात किती? वरणात पाणी किती? कोणी रांधलं? संगं काय?"

मला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. नंतर दिसलं की त्या प्रत्येक पेशंटला असंच विचारतात. रिपोर्ट त्या शेवटी पाहायच्या. मला म्हणायच्या, "रिपोर्टात आकडा येतो रे. तो आकडा कोणत्या ताटातून आला, ते माणसालाच विचारावं लागतं." पुढची सहा-सात वर्षं मी त्यांच्या टेबलावर जेवलो आणि माझं काम बहुतेक तिथेच शिकलो.

बाहेरच्या माणसाला डायलिसिस म्हणजे मशीनने रक्त धुणं, एवढं माहीत असतं. ते खरंच आहे. पण किडनी रक्त धुण्याशिवाय आणखी बरीच कामं गुपचूप करत असते, आणि त्यांतलं एक हाडं सांभाळण्याचं आहे. आपण जे खातो त्यातून फॉस्फरस नावाचा क्षार शरीरात येतो. डाळीत, दुधात, मांस-मासळीत तो असतो. जास्त झालेला फॉस्फरस चांगली किडनी लघवीवाटे बाहेर काढते. किडनी थकली की तो रक्तात साठतो. शिवाय ड जीवनसत्त्व शरीराच्या कामी यावं म्हणून त्यावर शेवटचा हात किडनीच फिरवते. ते काम थांबलं की खाल्लेलं कॅल्शियमसुद्धा नीट लागत नाही.

मग गळ्यातल्या चार ग्रंथी जाग्या होतात. त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात. आमच्या धानाच्या जिल्ह्यात ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. रक्तातलं कॅल्शियम राखणं हे त्यांचं काम. बाहेरून मिळेना, म्हणून त्या घरातल्या साठ्याला हात घालतात, आणि शरीरातला कॅल्शियमचा साठा म्हणजे हाडं. धान साठवायची ढोली खालून फोडावी आणि वरून कोणाला कळू नये, तसं हाड आतून रिकामं होत जातं. माणूस म्हणतो, पाय दुखतात, कंबर धरते, अंगाला खाज सुटते. मग एखाद्या दिवशी साध्या खोकल्याने बरगडी मोडते.

यावर उपाय आहेत. खाण्यात सांभाळायचं, डायलिसिस चुकवायचं नाही, डॉक्टर देतील ती औषधं घ्यायची. त्यांतल्या एका गोळीविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही गोळी अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. म्हणजे ती जेवणासोबतच घ्यावी लागते. जेवण नसेल तर तिला धरायला काही नाही.

गोंदियाच्या बाजारातले एक धान्याचे व्यापारी आमच्याकडे येत. आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो. अंगाची इतकी खाज की मशीनवर बसले असताना त्यांचा मोकळा हात एका जागी राहत नसे. साबण बदलून झाले, तेलं लावून झाली. मी म्हटलं, "शेठजी, गोळी घेता ना?"

"एकदम टाइम से लेता हूँ, भैया. सुबह उठा, नहाया, पूजा की, और खाली पेट गोली."

माणूस इतका नेमाचा, की एक दिवस चुकवलेला नाही, आणि एक दिवस गोळी कामी आलेली नाही. समजावल्यावर जेवताना घ्यायला लागले, पण लग्नाच्या पंगतीत अडले. गोळी काढली की लोक आजारी समजतात आणि धंद्यात तसं दिसून चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी गोळ्या मुखवासाच्या चांदीच्या डबीत भरल्या. चारचौघांत जेवताना ऐटीत डबी उघडायची. शेजारच्याने सवयीने हात पुढे केला की घाईघाईने म्हणायचं, "ये नहीं, ये नहीं, ये मेरी वाली है!" त्यांची खाज बरीच कमी झाली. डबीमुळे ते कंजूष असल्याची बातमी मात्र बाजारात पसरली, आणि ते दुःख त्यांनी मला बरेच दिवस ऐकवलं.

शेठजींचं गणित सोपं होतं. वनिताबाईचं तसं नव्हतं.

वनिताबाई बोदलकसा तलावाकडच्या एका गावातून येते. वय चाळिशीच्या आसपास, घरची धानाची शेती. नवरा झनकलाल मोटरसायकलवर आणतो आणि डायलिसिस होईपर्यंत बाहेरच्या बाकावर झोपतो. बाई बोलकी. सुई टोचताना मलाच धीर द्यायची, "टोच ना, भाऊ, कायले घाबरून राहिला? हात माहा हाये." पण हळूहळू तिचं चालणं बदललं. आधी झनकलालच्या खांद्यावर हात ठेवून यायची, मग त्याच्यावर भार टाकून. एकदा खोकली आणि छातीत कळ आली. एक्स-रे फोटो काढला तर बरगडीला तडा.

फॉस्फरस वाढलेला, गळ्यातल्या ग्रंथींचा रिपोर्ट त्याहून वाईट. नागपूरहून दर आठवड्याला येणारे आमचे किडनीचे डॉक्टर म्हणाले, "औषध वाढवून पाहू. असंच चढत राहिलं तर ग्रंथी काढायला नागपूरला पाठवावं लागेल. आणि तोवर ही कुठे पडली नाही म्हणजे मिळवलं. मांडीचं हाड मोडलं, तर पुन्हा उभी राहील की नाही सांगता येत नाही."

वनिताबाईने हे सगळं ऐकलं. डॉक्टर गेल्यावर मला एवढंच म्हणाली, "खाटेवर नाही पडाचं, भाऊ, मले. बाकी काही बी कर."

मी शोभाताईंच्या पद्धतीने ताट विचारायला बसलो. त्या तेव्हा निवृत्त होऊन मुलाकडे रायपूरला गेल्या होत्या. सकाळी काय, दुपारी काय, संगं काय. भात, थोडंसं वरण, वांग्याची नाहीतर अंबाडीची भाजी. गोळी जेवतानाच. दूध नाही, बाटलीतला थंडा नाही. दोन-तीनदा फिरवून विचारलं, तरी तेच. झनकलालला वेगळं विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. दोघं खोटं बोलत नव्हते, आणि आकडा उतरत नव्हता.

रोवण्या आटोपल्यानंतरची गोष्ट. एके दिवशी झनकलालबरोबर त्याची आईही आली. सुगरताबाई. लहानखुरी, ताठ, डोक्यावरचा पदर न ढळणारी. डायलिसिस संपल्यावर तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडलं. वास आला आणि मी जागच्या जागी थांबलो. हा वास माझ्या ओळखीचा होता. बांधीतले, म्हणजे धानाच्या शेतातले, खेकडे पाठीच्या कवचासकट उखळात कुटायचे, कपड्यातून गाळायचे आणि त्या पाण्याचा झणझणीत रस्सा करायचा. रोवणीत दिवसभर वाकून कंबर गेली की आमच्याकडे घरोघरी हेच करतात. माझ्या आईनेही मला पाजलेला आहे.

"घे ना, बाबू, तू बी एक घोट," सुगरताबाई मला म्हणाली. "दिवसभर उभा रायते. कमरेले बरं."

मी वनिताबाईला विचारलं, "हे रोज पिता?"

"रोज कुठं? गवसले का पेतो. नाही गवसले त वाळवलेल्या झिंग्याचं करते माय."

"मग मला सांगितलं काऊन नाही? मी इतकं विचारलं."

ती खरोखरच चकित झाली. "तू जेवन इचारलं ना, भाऊ? हे जेवन नोहे. हे त औषध हाये."

माझ्या घरीही तो रस्सा जेवणात कोणी धरत नाही. ताटात वाढत नाहीत, वेगळ्या वाटीत देतात आणि उभ्याउभ्या पितात. आणि या औषधासोबत ती गोळीही घेत नव्हती, कारण गोळी जेवणासोबत घ्यायची होती.

मी सुगरताबाईला बाकावर बसवलं आणि किडनीचं, ग्रंथींचं, ढोलीचं आणि कुटलेल्या खेकड्यातून रश्श्यात उतरणाऱ्या फॉस्फरसचं सगळं सांगितलं. जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं. चांगल्या किडनीच्या माणसाने रस्सा प्यायला तर काही बिघडत नाही, हेही सांगितलं. ती डब्याचं झाकण लावून मांडीवर धरून बसली होती. मग म्हणाली, "म्हंजे मीच तिचे हाडं खाल्ले का?"

"नाही, आजी. आजारानं खाल्ले."

"पन रश्श्यानं?"

यावर नाही म्हणता आलं असतं. पण मग तिने उद्या पुन्हा तोच डबा आणला असता. मी म्हटलं, "रश्श्यानं आजाराला हात दिला."

ती उठली, डबा तसाच पिशवीत घातला आणि बाहेर जाऊन झनकलालच्या मोटरसायकलपाशी उभी राहिली.

पुढच्या वेळी वनिताबाई आली ती माझ्याशी बोलली नाही. सुई टोचली, तोंड भिंतीकडे. मशीन सुरू झालं आणि मग ती सुरू झाली.

"तू तिले काऊन सांगतलं?"

"सांगायला नको होतं?"

"मले सांगाचं. मी लपून फेकलं असतं. वाटी घेतली असती ना झाडाच्या बुडाशी ओतली असती. तुले काय माहीत आमच्या घरचं?"

तेव्हा मला त्यांच्या घरचं कळलं. लग्नानंतर दोन वर्षांत चूल वेगळी झाली होती. एकाच घरात मधे कुडाची भिंत, आणि सासू-सुनेचं बोलणं बंद. सण आले, गेले, पोरं मोठी झाली, बोलणं नाही. वनिताबाईचं डायलिसिस सुरू झालं त्या आठवड्यात सुगरताबाई पहिल्यांदा भिंतीच्या या बाजूला आली. हातात रश्श्याची वाटी होती. म्हणाली, "पे."

"तेवढाच एक शब्द बोलली," वनिताबाई म्हणाली. "मंग दुसऱ्या दिवशी म्हने, पे, ना मीठ कमी झालं का? मंग बसू लागली. आता पुन्हा भिंतीच्या तिकडं गेली. माहे हाडं राहो का जावो, भाऊ, पन ती मायासंग बोलत होती."

मी तिच्या हाताची पट्टी नीट करत राहिलो, ती आधीच नीट होती.

शोभाताईंचा एक नियम होता. ताटातलं काही काढलं, तर त्या जागी काही वाढल्याशिवाय पेशंटला उठू द्यायचं नाही. मी रस्सा काढला होता आणि जागा रिकामी ठेवली होती. शिवाय डायलिसिसच्या माणसाला प्रथिनं लागतातच, मशीन थोडी धुऊन नेतं. नुसत्या भातावर वनिताबाईची ताकद टिकणार नव्हती. मी डॉक्टरांना विचारून घेतलं आणि रविवारी तिच्या गावी गेलो.

सुगरताबाई ओसरीवर अंबाडीची पानं खुडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आता काऊन आला? अजून काही रायलं का सांगाचं?"

"रायलं ना. सुनेला मासोळी खाऊ घाला."

हात थांबले. "त्या दिवशी नोको म्हने, आज घाल म्हनते. तुले दवाखान्यात ठेवलं कोनं?"

"मासोळी चालते, आजी. ताजी, तलावातली, थोडीशी. काटे, डोकं सगळं काढायचं. तुकडे पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकायचं. मग मसाला."

"पानी फेकाचं?"

"हो."

"मासोरीचं पानी?"

"हो, आजी. नको ते त्या पाण्यात उतरतं."

तिने घरात झनकलालला हाक मारली. "ऐकलं का रे? तुहा डॉक्टर म्हनते, रस्सा फेका ना चोथा खा. अरे बाबू, फेकाचंच होतं त धरली कायले मासोरी? राहू द्याची होती तलावात, पोहली असती."

झनकलाल आतून हसला. कुडाच्या भिंतीपलीकडूनही कोणीतरी हसलं. सुगरताबाईने ते ऐकलं, आणि तिने ते ऐकल्याचं मीही पाहिलं.

"मी डॉक्टर नाही," मी म्हटलं. "आणि अजून एक काम आहे. गोळी जेवणाच्या मधे गेली पाहिजे. आधी नाही, नंतर नाही. त्या विसरतात."

हे मी बनवून सांगितलं होतं. वनिताबाई गोळी विसरत नव्हती.

"ती विसरभोळीच हाये पयलेपासून," सुगरताबाई समाधानाने म्हणाली. "मी पाहतो."

दोन आठवड्यांनी वनिताबाई मशीनवर तक्रार करू लागली. "पोलिसावानी समोर बसते, भाऊ. मुठीत गोळी धरून. दोन घास खाल्ले का म्हनते, हं, उघड तोंड. माहे पोरं हासतात मले. ना मासोरीचं पानी कोंबड्यांले पाजून राहिली. कोंबड्या पाहा कशा झाल्या, ना मी पाहा कशी."

आकडे लगेच उतरत नाहीत. फॉस्फरस आधी उतरतो, ग्रंथी मागून ऐकतात, आणि हाड सगळ्यात शेवटी. डॉक्टरांनी औषधं बदलली, डायलिसिसचा वेळ वाढवला. हे सगळं मिळून झालं. कोणत्या गोष्टीने किती, हे मला वेगळं काढता येणार नाही, आणि काढायला जाऊही नये. नागपूरची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी आधी पुढे ढकलली, मग तिचं नाव काढणं थांबवलं. वनिताबाई दाराशी झनकलालचा खांदा सोडून खाटेपर्यंत एकटी येऊ लागली.

सगळ्यांचं असं होत नाही. आमच्याकडे हाडं पार पोखरल्यावर आलेले पेशंट आहेत, ज्यांना आम्ही फक्त दुखणं थोडं कमी करून देऊ शकलो. एखाद्याने दुखतं म्हणून बाजारातून कॅल्शियमच्या गोळ्या आणून स्वतःच खाल्लेल्या असतात, आणि ते कॅल्शियम हाडात न जाता रक्तवाहिन्यांत जाऊन बसलेलं असतं. त्यांच्या घरीही कोणीतरी मायेनं काहीतरी पाजलं असेल, आणि ते जेवण नाही म्हणून कोणी सांगितलं नसेल. आता मी प्रत्येकाला वेगळं विचारतो, औषध म्हणून घरी काय देता? उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

धानकापणीच्या दिवसांत मी शोभाताईंना पत्र लिहिलं. त्यांना आता ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं होत नाही. त्या पत्राची नक्कल इथे देतो.

आदरणीय शोभाताई,

सादर नमस्कार. कानाचं मशीन बसवलं असं तुमच्या मुलाकडून कळलं. ते लावता की डबीत ठेवता? तुमच्या हातच्या चार ओळी आल्या तर बरं वाटेल.

वनिताबाईचं मागे लिहिलं होतं. गेल्या आठवड्यात ती पडली. कापणाऱ्या बायांसाठी शिदोरी घेऊन बांधीवर गेली होती. जाऊ नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं, तरी गेली. पारीच्या अरुंद बांधावरून पाय घसरला आणि कुशीवर आपटली. उठता येईना. झनकलाल मळणी यंत्रावर होता. सुगरताबाईने गावातला ऑटो थांबवला आणि सुनेचं डोकं मांडीवर घेऊन तिला इथवर आणलं.

मी दाराशी पोचलो तर म्हातारीने माझं मनगट धरलं. म्हणाली, "बाबू, फोटो काढ लवकर. ना जे असल ते मलेच सांग आधी. मागच्यासारखं, खरं खरं." तिचा पदर डोक्यावर नव्हता, ताई. तो मी पहिल्यांदाच तसा पाहिला.

फोटो काढायला आत नेलं तेव्हा मी बाहेर तिच्याजवळ उभा होतो. मला तुमची फार आठवण आली. मांडीचं हाड गेलं असतं तर मी तिला काय सांगणार होतो, ते मला सुचत नव्हतं.

डॉक्टरांनी फोटो पाहिला. हाड शाबूत आहे. मुका मार आहे, चार दिवस सूज राहील. ते असंही म्हणाले की हाड अजून कच्चंच आहे, नशीबही होतं, पुन्हा बांधीवर जायचं नाही. हे सगळं मी म्हातारीला सांगितलं, काही लपवलं नाही. तिचा विश्वास बसेना. म्हणाली, दाखव. मी फोटो खिडकीपाशी धरला आणि हाड कुठून कुठवर आहे ते बोटाने दाखवलं. तिने स्वतःचं बोट त्यावरून फिरवलं, वरून खाली, पुन्हा वर. मग फोटो माझ्या हातातून घेतला तो परत दिला नाही.

काल वनिताबाई डायलिसिसला आली. काठी टेकत, पण आपल्या पायांनी. तिच्याकडून पुढचं कळलं. मधली कुडाची भिंत अजून आहे, तिच्यावर सुनेच्या बाजूने खिळा ठोकून म्हातारीने फोटो टांगला आहे. पाव्हणा आला की चहाच्या आधी फोटो खाली निघतो. अंगणात उन्हात धरून दाखवते, हे पाहा, एवढी पडली ना काही झालं नाही.

वनिताबाईला फार लाज वाटते. म्हणाली, "मी म्हटलं, माय, सुनेच्या कमरेचा फोटो गावाले दाखवते का कोनी? त म्हनते, तू चूप राय. माह्या हातचं हाड हाये."

आपला,
नरेश